‘आ करा’ म्हटल्यावर काय काय दिसतं

तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका एकमेकांना चिकटवून उभी धरा आणि पुढच्या वरच्या-खालच्या दातांमध्ये घालून पाहा. बोटं स्वतःचीच हवीत, म्हणजे माप आपल्या अंगलटीला धरून होतं. तिन्ही सहज गेली तर तुमचं तोंड साधारण 35 ते 45 मिलिमीटर उघडतं आहे, आणि निदान या एका बाबतीत तुम्ही सुखी आहात. धनकवडीचं भारती विद्यापीठ, कॅम्पातल्या आझम कॅम्पसमधलं रंगूनवाला, वडगाव बुद्रुकचं सिंहगड किंवा पिंपरीचं डी. वाय. पाटील, यांपैकी कुठल्याही दंत महाविद्यालयाच्या ओपीडीत केस पेपर निघायला लागले की ही तपासणी ठरलेली. अंतिम वर्षाची मुलगी समोरच्याला म्हणते, ‘दादा, तीन बोटं घाला बरं तोंडात.’ दादा असतो बावीस-चोवीस वर्षांचा. त्याची दोनच जातात, कधी कधी एकच. तो मात्र आलेला असतो दुसरीच तक्रार घेऊन. मिसळ राहिली बाजूला, घरची आमटीसुद्धा तोंडाला झोंबते.

दात पाहावेत तर ठीकठाक. कानापुढचा जबड्याचा सांधाही नीट. मग तोंड का उघडत नाही? मुलगी हातमोज्यातलं बोट त्याच्या गालाच्या आतून फिरवते आणि तिला उभ्या, ताणलेल्या, कडक दोऱ्या लागतात. आतलं अस्तर गुलाबी, ओलसर, लवचीक असायला हवं. ते पांढुरकं पडून आवळत चाललेलं असतं. या दुखण्याचं नाव ओरल सबम्यूकस फायब्रोसिस. 1952 साली श्वार्ट्झ यांनी केनियातल्या पाच भारतीय स्त्रियांच्या तोंडात ते पाहून त्याची नोंद केली, आणि पुढच्याच वर्षी मुंबईच्या डॉ. एस. जी. जोशींनी त्याला ‘सबम्यूकस फायब्रोसिस’ म्हटलं. जगभरची पाठ्यपुस्तकं आज तेच नाव वापरतात.

कारण सुपारी. तिच्यातलं अरेकोलिन नावाचं द्रव्य अस्तराखालच्या पेशींना कोलॅजनचे तंतू जास्त बनवायला लावतं. सुपारीत तांबंही भरपूर असतं. त्या तांब्यामुळे हे तंतू एकमेकांत घट्ट विणणारं विकर जोरात काम करू लागतं. एरवी शरीर जुने तंतू मोडतं आणि नवे घालतं; इथे मोडणं मागे पडतं आणि घालणं चालूच राहतं. महाराष्ट्रात गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे, पण साधी सुपारी कुणी थांबवलेली नाही, आणि सुपारीत तंबाखू नसली तरी हे दुखणं होतं ही गोष्ट रुग्णाच्या पटकन गळी उतरत नाही. ‘मी तंबाखू नाही खात हो, साधी सुपारी.’ हे वाक्य विद्यार्थ्यांना पाठ झालेलं असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्ये साध्या सुपारीलाही कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात बसवलं. केरळातल्या एर्नाकुलमला अशा 66 रुग्णांवर 17 वर्षं लक्ष ठेवलं गेलं. त्यांपैकी 5 जणांना तोंडाचा कर्करोग झाला.

उपचार ऐकले की माणूस थोडा निराश होतो. आधी सुपारी बंद. मग गालात स्टेरॉइडची आणि तंतू सैल करणाऱ्या हायल्युरोनिडेजची इंजेक्शनं, आणि रोजचा व्यायाम. व्यायामाचं साधन म्हणजे आइस्क्रीमच्या लाकडी काड्या. दातांमध्ये एकावर एक रचायच्या आणि काही दिवसांनी त्यात एक वाढवायची. फारच आवळलं असेल तर शस्त्रक्रियेने दोऱ्या कापून तिथे गालातल्या चरबीचा किंवा नाकाशेजारच्या कातडीचा तुकडा बसवतात. गेलेली लवचीकता पूर्ण परत येत नाही. म्हणून हा आजार दोन बोटं जात असतानाच ओळखावा लागतो.

दाताचा डॉक्टर म्हणजे दात उपटणारा किंवा सिमेंट भरणारा, ही आपली समजूत इथेच डळमळते. बीडीएसची चार वर्षं आणि एक वर्षाची इंटर्नशिप यांत मुलं जे शिकतात, त्यात दात हा एक भाग. बाकी जीभ, टाळू, गाल, लाळग्रंथी, जबड्याची हाडं, सांधा, चेहऱ्याच्या नसा. सुश्रुताने तोंडाचे आजार 65 सांगितले आणि त्यांना सात जागांवर वाटलं: ओठांचे 8, हिरड्यांचे 15, दातांचे 8, जिभेचे 5, टाळूचे 9, घशाचे 17 आणि सगळ्या तोंडाचे 3. यात दातांचे फक्त आठ. अडीच हजार वर्षांच्या आसपास मागे जाऊनही हिशेब असाच, याची मला मौज वाटते.

पहिल्या वर्षाला रुग्ण नसतो, मेण असतं. मेणाच्या ठोकळ्यातून दात कोरायचा. अख्खा, मुळांसकट, मापात. वरच्या पहिल्या दाढेच्या माथ्यावर चार उंचवटे आणि त्यांच्यामधून तिरपी जाणारी कड. सर फूटपट्टी लावतात आणि मिलिमीटरभर चुकलं की बाजूला ठेवतात. डोळे मिटून हातात घेतला तरी हा दात वरचा की खालचा, उजवा की डावा, हे सांगता यावं अशी अपेक्षा असते. ही पद्धत उगाच नाही. दाढेचा नेमका आकार बोटांना माहीत असला की चुकीचा आकार बोटांना खटकतो.

याच वर्षी मुलांना दात घडतो कसा ते कळतं, आणि इथे विषय फार सुंदर होतो. गर्भ सहा आठवड्यांचा असताना, म्हणजे हात-पाय अजून धड फुटलेले नसताना, भावी हिरडीवर एक पट्टी उमटते आणि तिथून दातांच्या कळ्या आत उतरतात. त्यांच्यातल्या अमेलोब्लास्ट नावाच्या पेशी इनॅमल रचतात. हा शरीरातला सगळ्यांत कठीण पदार्थ. वजनाने सुमारे 96 टक्के खनिज. रोज साधारण चार मायक्रॉनचा थर, आणि त्या रोजच्या कामाच्या रेषा दात पातळ घासून सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर दिसतात. दुधाच्या दातांत तर जन्माची रेषा असते. आईच्या पोटातून बाहेर येण्याचा धक्का बसला त्या दिवशी कामात खंड पडला आणि तो तिथे कायमचा कोरला गेला. दात बाहेर आला की या कारागीर पेशी संपतात. म्हणून मोडलेलं हाड सांधतं आणि किडलेलं इनॅमल पुन्हा उगवत नाही.

न मिटणारी ही नोंद किती टिकते, याचं उदाहरण पुणेकरांना जवळचंच आहे. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगावला डेक्कन कॉलेजने 1968 ते 1983 या काळात उत्खनन केलं. तिथली वस्ती इ. स. पूर्व सोळाव्या ते सातव्या शतकातली. घरांच्या जमिनीखाली मुलांना मडक्यांत पुरलेलं सापडलं. अमेरिकन अभ्यासक जॉन लुकाच आणि डेक्कन कॉलेजचे सुभाष वाळिंबे यांनी ते सांगाडे आणि दात तपासले. त्या चिमुकल्यांच्या दुधाच्या सुळ्यांवरचे छोटे खळगे मोजून त्यांनी त्यांचा संबंध त्या काळच्या हवामानातल्या आणि खाण्यापिण्यातल्या बदलाशी जोडून पाहिला. तीन हजार वर्षांपूर्वीच्या बाळाची आबाळ अजून वाचता येते, कारण ती इनॅमलवर उमटली आहे.

आता खरी गंमत. दात घडवणाऱ्या सगळ्याच पेशी काम झाल्यावर नाहीशा होत नाहीत. मांडव उतरल्यावरही चार कामगार मागेच पथारी टाकून राहावेत, तशा थोड्या पेशी हिरडीत आणि मुळांभोवती उरतात. मुळांभोवतीच्या पुंजक्यांना मालासे या फ्रेंच शास्त्रज्ञाचं नाव आहे. तुमच्या-माझ्या जबड्यात ते आत्ताही आहेत आणि बहुतेकांच्या बाबतीत जन्मभर निजूनच राहतात. दात किडून मुळाशी पू झाला की त्या दाहाने ते जागे होतात, वाढू लागतात आणि मुळाच्या टोकाशी द्रवाने भरलेली गाठ तयार होते. जबड्यातल्या गाठींमध्ये सर्वांत जास्त आढळते ती हीच.

बाहेर न आलेल्या दाताभोवतीही गाठ होते. तिला डेंटिजरस सिस्ट म्हणतात. आठ-दहा वर्षांच्या मुलाचा एक दात येतच नाही, गाल थोडा सुजल्यासारखा वाटतो आणि एक्स-रेत तो दात काळ्या वर्तुळात तळाला ढकललेला दिसतो. गाठ सोलून काढली तर दातही जातो. म्हणून पुष्कळदा सर्जन गाठीला फक्त एक खिडकी पाडतात आणि तिच्या कडा तोंडाच्या अस्तराला शिवून टाकतात. जर्मन सर्जन कार्ल पार्च यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ही युक्ती मांडली. आतला दाब ओसरतो, गाठ आक्रसते, पोकळीत हाड भरतं आणि काही महिन्यांत तो अडलेला दात स्वतःहून वर येऊ लागतो. या विषयातला माझा सर्वांत आवडता उपचार हाच. भोक पाडायचं आणि वाट पाहायची.

अमेलोब्लास्टोमाची कथा मात्र गमतीची नाही. खालच्या जबड्यात मागच्या बाजूला, बहुधा न दुखता, वर्षानुवर्षं वाढणारी ही गाठ. एक्स-रेत साबणाच्या फेसासारखे कप्पे दिसतात. तिसऱ्या वर्षाची मुलं तिची स्लाइड काढतात ती गुलाबी आणि जांभळ्या पेन्सिलींनी, कारण स्लाइडवरचे रंगही तेच. कडेच्या उंच पेशींची केंद्रकं तळापासून लांब सरकलेली दाखवायची. ते राहिलं की जर्नल परत येतं. त्या सरकण्यात या गाठीचं मर्म आहे. इनॅमल रचायला सुरुवात करण्याच्या अगदी आधी निरोगी अमेलोब्लास्ट नेमकी हीच हालचाल करते. गाठीतल्या पेशी कामाची ही सारी तयारी करतात, रांगेत उभ्या राहतात, आणि इनॅमलचा कणही बनवत नाहीत. फक्त वाढतात आणि हाड खातात. नुसती खरवडली तर गाठ परत येते, म्हणून भोवतालच्या हाडासकट काढावी लागते आणि पायाच्या नडगीशेजारच्या बारीक हाडाने जबडा पुन्हा बांधावा लागतो. 2014 मध्ये या गाठींपैकी बऱ्याच गाठींत बीआरएएफ नावाच्या जनुकातला एक ठरावीक बिघाड सापडला. त्या बिघाडावर औषधं आहेत, म्हणून आता काही रुग्णांत आधी औषधाने गाठ लहान करून पाहतात.

याच्या उलट ओडोंटोमा नावाच्या गाठीत पेशी दात बनवतात आणि थांबायचं विसरतात. 2014 च्या जुलैत मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात बुलढाणा जिल्ह्यातल्या 17 वर्षांच्या मुलाच्या खालच्या जबड्यातून 232 छोटे-मोठे दात निघाले. पुढे 2019 मध्ये चेन्नईत सात वर्षांच्या मुलाच्या जबड्यातून 526 निघाले. बातम्यांना हे विक्रम वाटले. दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्याला ते परीक्षेत हमखास येणाऱ्या प्रश्नाचं उत्तर वाटतं.

अंतिम वर्षाला मुलं ओरल मेडिसिन आणि रेडिऑलॉजीच्या विभागात उभी राहतात आणि पहिला नियम शिकतात: तोंडात पाहायच्या आधी विचारायचं. मुख्य तक्रार रुग्णाच्याच शब्दांत लिहायची. यात एक अडचण असते. निम्मी मुलं परगावची, परप्रांताची, आणि समोर बसलेल्या मावशी म्हणतात, ‘दात आंबल्यात, अन् मधीच सणक जातीया.’ हे नुसतं ‘दुखतं’ असं लिहिलं तर निदान हातचं जातं. दात आंबतात म्हणजे इनॅमल झिजून आतला थर उघडा पडलेला असू शकतो. थंड पाण्याने कळ आली आणि पाणी गिळून झाल्यावरही रेंगाळली, रात्री आडवं पडल्यावर ठणका वाढला, तर दाताच्या आतली नस सुजली आहे. दात उंच झाल्यासारखा वाटतो, चावताना लागतो, तर दाह मुळाबाहेर हाडात पोचला आहे.

सणक हा तर वेगळाच मामला. तोंड धुताना, दाढी करताना, वाऱ्याची झुळूक लागली तरी विजेचा झटका बसल्यासारखी कळ गालातून जाते आणि काही सेकंदांत थांबते. हा ट्रायजेमिनल न्यूराल्जिया. दुखतं दातात, आजार चेहऱ्याच्या नसेचा. असे रुग्ण एकामागून एक दात काढून घेतात आणि कळ तशीच राहते. यावर फिट्सच्या आजारावरची गोळी चालते. आणखी एक सापळा याहून गंभीर. जिना चढताना डाव्या खालच्या जबड्यात दुखतं, बसलं की थांबतं, दात सगळे निरोगी. अशा रुग्णाला दाताच्या खुर्चीतून उठवून थेट ईसीजीला पाठवायचं असतं, कारण हृदयाचं दुखणं जबड्यात उमटतं. जिन्याबद्दल विचारलंच नाही तर हे कळायला मार्ग नाही.

मग तपासणी. आरसा, प्रोब आणि उजेड. अन्ननलिका पाहायला दुर्बीण घालावी लागते, फुप्फुसं पाहायला यंत्र लागतं. तोंड मात्र ‘आ करा’ म्हटलं की उघडतं. पांढरा डाग दिसला तर आधी गॉजच्या तुकड्याने पुसून पाहायचा. पुसला गेला आणि खाली लाल दिसलं तर बुरशी. पुसला गेला नाही तर पुढे विचार. जाळीदार नक्षी, दोन्ही गालांवर सारखी असेल तर लायकेन प्लेनस. जाड, एकाच बाजूला, आणि माणूस तंबाखू तिथेच धरत असेल तर ल्युकोप्लेकिया, म्हणजे कर्करोगपूर्व डागाचा संशय. जीभ गुळगुळीत, फिकट, तिला बारीक टोचल्यासारखी आग होत असेल तर रक्त तपासायला पाठवायचं. लोह किंवा बी-12 कमी निघतं. हिरड्या अचानक सुजून आपोआप रक्त येत असेल तर कधी कधी तपासणीत रक्ताचा कर्करोग सापडतो. अंगावर फोड उठवणारा पेम्फिगस बऱ्याचदा आधी तोंडातच फुटतो, आणि ज्याने तो तिथे ओळखला त्याने रुग्णाचे कित्येक महिने वाचवले.

एक्स-रे वाचणं हे वेगळं शिक्षण. राँटजेन यांनी 1895 च्या नोव्हेंबरात हे किरण शोधले आणि काही आठवड्यांतच जर्मन दंतवैद्य ओटो वाल्कहोफ यांनी स्वतःच्या दाढांचं चित्र घेतलं. त्यासाठी पंचवीस मिनिटं किरणांसमोर निश्चल बसावं लागलं. आता ओपीजीचं यंत्र डोक्याभोवती फिरतं आणि पंधरा-वीस सेकंदांत दोन्ही जबडे एका पट्टीवर येतात. चित्र झटपट मिळतं, वाचणं मात्र सावकाशच. हाडातलं खनिज साधारण 30 ते 50 टक्के गेल्याखेरीज एक्स-रेत काळं दिसत नाही, म्हणजे जे दिसतं ते आधीच उशिराचं असतं.

आणि जे दिसतं ते आजार असेलच असं नाही. खालच्या उपदाढेच्या मुळाशी एक गोल काळा ठिपका दिसतो. नवखी मुलगी छाती ठोकून सांगते, ‘पस झालाय, रूट कॅनाल लागेल.’ मॅडम काही बोलत नाहीत. बर्फाचा तुकडा आणायला सांगतात. दाताला लावल्यावर रुग्ण क्षणभर दचकतो आणि लगेच ठीक होतो. नस जिवंत आहे. मग ट्यूबचा कोन बदलून दुसरा एक्स-रे काढतात. ठिपका मुळापासून बाजूला सरकलेला. मुळाच्या टोकाला चिकटलेला आजार असता तर सरकला नसता. तो ठिपका म्हणजे जबड्यातल्या हाडाची नैसर्गिक खिडकी, जिच्यातून ओठाची नस बाहेर पडते. मेंटल फोरॅमेन तिचं नाव. प्रत्येकाला दोन असतात. एका निरोगी दाताचं रूट कॅनाल बर्फाच्या तुकड्याने वाचलं.

शंका फिटली नाही तर बायॉप्सी. तुकडा गाठीच्या मधोमध कधी घेत नाहीत, कारण तिथे मृत पेशी असू शकतात. निरोगी आणि आजारी भागाच्या सीमेवरून घेतात. तो फॉर्मेलिनच्या बाटलीत पडतो, अल्कोहोलमधून पाणी घालवून मेणात बसवला जातो आणि चार-पाच मायक्रॉन जाडीचे काप निघतात. ते इतके पातळ की कोमट पाण्यावर तरंगवूनच काचपट्टीवर घ्यावे लागतात. मग हीमॅटॉक्सिलिन आणि इओसिन. केंद्रकांना जांभळं करणारं हीमॅटॉक्सिलिन मध्य अमेरिकेतल्या एका झाडाच्या लाकडातून येतं. पहिल्या वर्षी मेणाचा दात कोरणाऱ्या मुलांना तिसऱ्या वर्षी मेणातलं हे माणसाचं ऊतक पाहायला मिळतं. अस्तरातल्या पेशी खालून वर शिस्तीत सपाट होत गेलेल्या आहेत का, विभाजन फक्त तळाशी आहे की वरही पसरलंय, आणि तळाची पडदी शाबूत आहे का. ती पडदी ओलांडली की कर्करोग.

2021 मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेत महाराष्ट्रात म्युकरमायकोसिस उसळला, तेव्हा हे शिक्षण किती लवकर कामी येऊ शकतं ते दिसलं. मधुमेह आहे, कोविडमध्ये स्टेरॉइड घेतलंय, आणि वरचे चांगले घट्ट दात अचानक हलायला लागलेत, अशी माणसं आधी दातांकडेच आली. टाळूवर काळपट चट्टा, हिरडीतून पू. ही बुरशी रक्तवाहिन्यांत शिरून त्या बंद करते, म्हणून पुढचं हाड मरतं. सूक्ष्मदर्शकाखाली तिचे धागे रुंद, रिबनसारखे, आडपडदे नसलेले आणि काटकोनात फुटलेले दिसतात. अ‍ॅस्परजिलस या दुसऱ्या बुरशीचे धागे बारीक, पडदे असलेले आणि लघुकोनात फुटलेले. पेपरात गिरवलेला हा फरक त्या उन्हाळ्यात औषधाची दिशा ठरवत होता. अ‍ॅम्फोटेरिसिन-बी द्यायचं, मेलेलं हाड काढायचं. वरचा जबडा गेल्यावर टाळूला पडलेलं भोक बुजवायला प्रोस्थोडोंटिक्सवाल्यांनी ऑब्चुरेटर बसवला, कारण त्यावाचून पाणी प्यायलं की नाकातून येतं आणि बोललेलं कुणाला कळत नाही.

पुणे जिल्ह्याचं नाव या विषयाच्या जागतिक साहित्यात आहे, हे पुण्यातच फार जणांना ठाऊक नसावं. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या दंत संशोधन विभागाचे डॉ. फली मेहता, डेन्मार्कचे जेन्स पिंडबोर्ग आणि सहकाऱ्यांनी जिल्ह्यातल्या 1,01,761 गावकऱ्यांची तोंडं घरोघर जाऊन तपासली आणि 1972 मध्ये ते काम छापून आलं. कर्करोग आणि त्याआधीचे डाग तंबाखूच्या कुठल्या सवयीसोबत कुठे उमटतात, हे अशा पाहण्यांतून जगाला कळलं. आपल्याकडची बायकांची मिश्री त्यात येते. भाजून काळी केलेली तंबाखू दात घासायला म्हणून लावायची आणि मग दिवसातून चार वेळा. आजही कॉलेजची गाडी गावात शिबिराला गेली की मुली आजींना आधी तेच विचारतात, आणि आजी ‘छे गं’ म्हणत पदराने तोंड पुसतात.

हे सगळं शिकायला विद्यार्थ्यांना रुग्ण लागतात, ठरलेल्या संख्येने. इतक्या केस हिस्ट्री, इतके एक्स-रे, इतके दात काढलेले. तो कोटा भरला नाही तर परीक्षेला बसता येत नाही. म्हणून मार्चच्या सुमारास कँटीनवाल्या पोरापासून हॉस्टेलच्या वॉचमनकाकांपर्यंत सगळ्यांच्या तोंडात कुणी ना कुणी आरसा घालून गेलेलं असतं. यावर हसायला हरकत नाही, पण त्यामुळे त्या वॉचमनकाकांचा तपासणीचा खर्चही वाचतो आणि एखादा डाग वेळेवर सापडतो.

तर तुम्हीही जा. दोन आठवड्यांत न भरलेला तोंडातला फोड किंवा जखम, पुसून न जाणारा पांढरा वा लाल डाग, कारण नसताना हलणारा दात, बधिर झालेला ओठ, तीन बोटं न जाणं, यांतलं काहीही असेल तर जवळच्या दंत महाविद्यालयाची सकाळची ओपीडी गाठा. फी थोडी असते, वेळ जास्त जातो. जुने एक्स-रे आणि चालू गोळ्यांची चिठ्ठी सोबत न्या, आणि सुपारी-मिश्री जे काही असेल ते खरं सांगा. विद्यार्थिनीने सगळं विचारून झाल्यावर सर येऊन तेच प्रश्न पुन्हा विचारतील. वैतागू नका. पहिल्या वेळी सांगायचं राहिलेलं पुष्कळांना दुसऱ्यांदा आठवतं.